पिशवी काढायची की ठेवायची? फायब्रॉइडच्या गाठीचा इतिहास

या मालिकेत आपण लढाया, तह, राजघराणी यांवर पुष्कळ बोलतो. आज इतिहास सांगणार आहे तो एका गाठीचा. ही गाठ गर्भाशयात होते, तिला डॉक्टर फायब्रॉइड म्हणतात, आणि आपल्या घरांत तिचं नाव सहसा घेतलं जात नाही. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, हैदराबादला किंवा बेळगावला, मराठी घरात एक वाक्य हळू आवाजात बोललेलं तुम्ही ऐकलं असेल: "तिची पिशवी काढली." का काढली, असं विचारलं तर उत्तर येतं, "गाठी होत्या ना." प्रश्न तिथेच मिटतो. तो दुसरीकडे कुठे कुठे मिटला नाही, कुणी मिटू दिला नाही, हे आज पाहायचं आहे.

आधी गाठ म्हणजे काय ते पाहू. गर्भाशयाची भिंत स्नायूंची असते. त्या स्नायूच्या पेशी एखाद्या जागी गोळा होऊन वाढू लागल्या की फायब्रॉइड तयार होतो. तो राईच्या दाण्याएवढा असतो, लिंबाएवढा असतो, कधी कलिंगडाएवढाही होतो. एकच असतो किंवा डझनभर असतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्रीच्या शरीरातल्याच संप्रेरकांवर तो पोसला जातो, म्हणून पाळी जायच्या वयानंतर बहुधा आपोआप आक्रसतो. आणि तो कॅन्सर नव्हे. गाठ पाहून फायब्रॉइड समजावं आणि निघावा कॅन्सर, असं क्वचित घडतं, त्याकडे मी पुढे येईन. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयात लहानमोठे फायब्रॉइड सापडतात असं अमेरिकेतल्या पाहणीत दिसलं आहे. त्यातल्या पुष्कळजणींना ते असल्याचा पत्ताही नसतो.

त्रास होणार की नाही हे आकारापेक्षा जागेवर जास्त ठरतं. पोकळीत डोकावणारा बोराएवढा फायब्रॉइड बाईला रक्तस्रावाने बेजार करतो, आणि बाहेरच्या अंगाने वाढलेला मोसंबीएवढा गुपचूप बसून राहतो. ज्यांना त्रास होतो त्यांचं जगणं कसं असतं, ते डॉक्टरांच्या कागदावर उमटत नाही. प्रवासाची तारीख पाळी पाहून ठरवायची, लग्नाला गडद रंगाची साडी नेसायची, खुर्चीवरून उठताना मागे वळून पाहायचं, रात्री अंथरुणावर जुनी चादर घालायची. रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन सहासातवर येतं. जिना चढताना धाप लागते, आणि घरात म्हणतात, "वयामुळे होतं गं." कित्येकजणी दहा-दहा वर्षं असं काढतात.

या दुखण्याची ओळख जुनी आहे. चरकसंहितेत गुल्माच्या प्रकारांमध्ये रक्तगुल्म सांगितला आहे. तो फक्त स्त्रियांना होतो, गर्भासारखी लक्षणं दाखवतो, आणि त्याच्यावर उपचार दहावा महिना उलटल्यावरच करावा, असा दंडक आहे. रक्तगुल्म म्हणजे नेमका आजचा फायब्रॉइड असं छातीठोकपणे म्हणू नये, त्या वर्णनात आणखीही काही आजार बसू शकतात. पण दहा महिने थांबण्यामागचा विचार लख्ख आहे. सोनोग्राफी नव्हती, पोटात मूल आहे की गाठ हे कळायला काळ हाच उपाय होता, आणि घाईने दिलेल्या औषधाने गर्भ गेला असता. युरोपात १८५४ साली बर्लिन परंपरेतले मोठे विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं की ही गाठ स्नायूच्या पेशींची आहे.

फिरखो सूक्ष्मदर्शकात पाहत होते त्याच सुमारास शल्यविशारद पोट उघडायला लागले होते, आणि तेही चुकून. १८४३ साली मँचेस्टरमध्ये चार्ल्स क्ले यांनी बीजकोशाची गाठ समजून एका बाईचं पोट उघडलं. आत निघालं फायब्रॉइडने भरलेलं गर्भाशय. त्यांनी ते काढलं, बाई गेली. पुढच्या वर्षी दुसरी रुग्ण पंधरा दिवस जगली आणि तीही गेली. १८५३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल या कापडगिरण्यांच्या गावात वॉल्टर बर्नहॅम यांच्याबाबतीत तर गंमतच झाली, अर्थात आज आपण गंमत म्हणायची. त्यांनीही बीजकोशाची गाठ म्हणून पोट उघडलं. तेवढ्यात बाईला उलटीची उबळ आली आणि गर्भाशयच छेदातून बाहेर आलं. ते परत आत जाईना. काढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. ही बाई मात्र वाचली. पोटातून गर्भाशय काढून वाचलेली ती पहिली म्हणून इतिहासात नोंद आहे. त्याच गावात त्याच वर्षी गिल्मन किंबॉल यांनी फायब्रॉइड आहे हे ओळखून, ठरवून, हीच शस्त्रक्रिया केली आणि तीही बाई वाचली.

यावरून शस्त्रक्रिया रुळली असं समजू नका. बर्नहॅम यांनी पुढे केलेल्या शस्त्रक्रियांतून वाचलेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या. त्या काळात या शस्त्रक्रियेत दहातल्या सातजणी दगावत, असा अंदाज वैद्यकाचे इतिहासकार देतात. जंतूंचा विचार रुजायचा होता, रक्त चढवण्याची सोय नव्हती. मग प्रश्न पडतो, इतकी जोखीम बायका का पत्करत होत्या? कारण दुसऱ्या बाजूला रोजचं मरण होतं. त्या बायकांची नावंही बहुतेक ठिकाणी नोंदवलेली नाहीत, डॉक्टरांची मात्र सगळी आहेत.

या काळातला मला सगळ्यात आवडणारा माणूस म्हणजे एडिंबरोचे थॉमस कीथ. त्यांचा हात इतका स्वच्छ होता की गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत त्यांच्याकडचे मृत्यू इतरांच्या मानाने फारच कमी होते. असा माणूस काय म्हणेल? माझ्याकडे या, मी काढून देतो. कीथ यांनी उलटं केलं. पॅरिसमध्ये जॉर्ज अपोस्तोली नावाचे डॉक्टर १८८०च्या दशकात फायब्रॉइडवर विजेचा उपचार करत होते. पोटावर कुंभाराच्या ओल्या मातीचा थर द्यायचा, त्यात एक टोक जोडायचं, दुसरं टोक गर्भाशयात, आणि मधून अडीचशे मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह सोडायचा. कीथ यांनी तो उपचार शिकून घेतला, आपल्या मुलासह शेकडो वेळा वापरला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. ज्याला शस्त्र सर्वांत चांगलं चालवता येत होतं त्यानेच ते खाली ठेवून पाहिलं. विजेचा उपचार काही टिकला नाही. गाठ क्वचितच जाई, रक्तस्राव कमी होई इतकंच. पण कीथ यांनी विचारलेला प्रश्न टिकला: हे न कापता जमेल का?

पुढे विसावं शतक लागलं. निर्जंतुक शस्त्रक्रिया आली, भूल सुधारली, आणि गर्भाशय काढणं सुरक्षित झालं. सुरक्षित झालं म्हणून सर्रास झालं. ज्यांना शस्त्रक्रिया नको त्यांच्यावर क्ष-किरण किंवा रेडियम वापरून बीजकोश बंद पाडत, म्हणजे पाळी कायमची थांबवत. तरुण बाईला त्या उपचाराची किंमत फार मोठी होती.

या प्रवाहाच्या विरुद्ध पोहणारे लंडनचे व्हिक्टर बॉनी. मिडलसेक्स हॉस्पिटलमधले हे शल्यविशारद. त्यांच्या स्वतःच्या पत्नीचं गर्भाशय फायब्रॉइडपायी काढावं लागलं होतं आणि त्यांना मूल झालं नाही. त्यानंतर गर्भाशय ठेवून फक्त गाठी काढायच्या, म्हणजे मायोमेक्टॉमी, या एका कामाला त्यांनी आयुष्य दिलं. ही कल्पना त्यांची नव्हती. अमेरिकेत वॉशिंग्टन ॲटली यांनी १८४०च्या दशकातच ती करून पाहिली होती. अडचण रक्ताची होती. गाठ सोलून काढताना गर्भाशय इतकं वाहतं की टाके घालेपर्यंत बाई हातची जाते. बॉनी यांनी एक वाकडा चिमटा तयार केला. तो गर्भाशयाकडे येणाऱ्या धमन्या तात्पुरत्या दाबून धरतो आणि काम झालं की काढून घेता येतो. त्यांनी सातशेहून अधिक अशा शस्त्रक्रिया केल्या. एका बाईच्या गर्भाशयातून तर २२५ गाठी काढल्या आणि गर्भाशय जागेवर ठेवलं. समकालीनांनी त्यांना वेड्यात काढलं. इतका खटाटोप कशासाठी, असा त्यांचा सूर होता, आणि पिशवी काढणं अर्ध्या वेळात होतं हे खरंच होतं.

आपल्याकडेही गर्भाशय राखण्याची एक परंपरा आहे, ती आपण विसरतो. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईत काम करत. गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयाच्या तोंडाला घालायचा त्यांचा टाका जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी, आणि मुंबईच्याच पुरंदरे घराण्यातल्या डॉक्टरांनी, अंग बाहेर येण्याच्या विकारावर गर्भाशय न काढता ते वर बांधून देण्याच्या शस्त्रक्रिया बसवल्या, कारण त्यांच्या रुग्ण तरुण होत्या आणि त्यांना मुलं हवी होती. तो आजार वेगळा, फायब्रॉइड नव्हे. पण बाई समोर आल्यावर तिचं वय काय, तिला काय हवं, हे आधी विचारण्याची रीत तीच.

औषधांचा इतिहास यापेक्षा शांत आहे. जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ मध्ये ट्रानेक्सॅमिक ॲसिड शोधलं. बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या बायका उताको यांच्या डोळ्यांपुढे होत्या. युद्धानंतरच्या त्या काळात त्या मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत जात. आज पाळीचा जोर कमी करण्यासाठी याच औषधाच्या गोळ्या पाळीच्या त्या चार दिवसांपुरत्या दिल्या जातात. औषध स्वस्त आहे आणि गावातल्या दुकानातही मिळतं. गाठ त्याने जात नाही, बाईचं रक्त मात्र वाचतं. १९९० साली फिनलंडमध्ये संप्रेरक सोडणारी तांबीसारखी वस्तू आली, ती गर्भाशयात बसवली की पुष्कळजणींचा स्राव निम्म्याहून खाली येतो. गाठीमुळे पोकळी वेडीवाकडी झाली असेल तर मात्र ती निसटून पडू शकते. आपल्या लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तयार केलेली सहेली ही गोळी मूळची कुटुंबनियोजनाची, तीही जास्त रक्तस्रावासाठी भारतात वापरली जाते. मेंदूतून बीजकोशांना जाणारा निरोप अडवणारी इंजेक्शनं गाठ आक्रसवतात, पण हाडं ठिसूळ होण्याच्या भीतीने ती काही महिनेच देतात, बहुधा शस्त्रक्रियेआधी. औषध थांबलं की गाठ पुन्हा वाढते. एका औषधाची कथा सावध करणारी आहे. युलिप्रिस्टल युरोपात २०१२ मध्ये आलं, त्याने गाठी लहान होत, बायका खूश होत्या. पुढे काहीजणींचं यकृत निकामी झालं आणि २०२० मध्ये त्याच्या वापरावर कडक बंधनं आली.

आता पॅरिसला परत जाऊ, कारण इथे बायकांनीच इतिहास फिरवला. जॅक राविना हे स्त्रीरोगतज्ज्ञ शस्त्रक्रियेत रक्त कमी जावं म्हणून आधी एक तयारी करून घेत. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीपर्यंत न्यायची आणि तिथे वाळूच्या कणांसारखे बारीक कण सोडून ती बुजवायची. बॉनी यांचा चिमटा जे काम काही मिनिटं करी तेच हे कायमचं. शस्त्रक्रिया काही आठवड्यांनी असे. पण तारीख आली तेव्हा बायका म्हणाल्या, आता कशाला? रक्त थांबलं होतं, पोटातलं ओझं हलकं झालं होतं. रक्त न मिळाल्याने गाठी आक्रसल्या होत्या. १९९५ साली राविना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १६ जणींची हकीकत 'लॅन्सेट'मध्ये छापली आणि फायब्रॉइड एम्बोलायझेशन हा स्वतंत्र उपचार झाला. २००४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्रिपदासाठी नुकतं नाव जाहीर झालेल्या कॉन्डोलीझा राईस यांनी तोच उपचार घेतला, एक रात्र रुग्णालयात राहिल्या आणि घरी गेल्या. त्यानंतर अमेरिकेत कित्येक बायकांनी डॉक्टरांना विचारलं, हा पर्याय मला का नाही सांगितला? ज्यांना पुढे मूल हवं त्यांना मात्र आजही डॉक्टर सहसा मायोमेक्टॉमीकडेच वळवतात.

याच काळात दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. लहान छिद्रांतून मोठी गाठ बाहेर कशी काढायची? आतच तिचा चुरा करणारं यंत्र निघालं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला: फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० बायकांमागे एकीत न ओळखलेला सार्कोमा, म्हणजे कॅन्सर, असू शकतो, आणि चुरा करताना तो पोटभर पसरू शकतो. मघाशी म्हटलं ते क्वचित घडणारं, ते हेच. याचा अर्थ प्रत्येक गाठ घाबरून काढावी असा नाही. दुर्बिणीने करणार असाल तर गाठ बाहेर कशी काढणार, हे शस्त्रक्रियेआधी विचारावं, एवढा मात्र नक्की आहे.

इतकं सगळं जगात घडत असताना आपल्याकडे काय चाललं होतं?

१९९५ सालीच, राविना यांचा लेख छापून आला त्याच वर्षी, दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित बाई पाळी थांबत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेली. दुर्बिणीने तपासणी करायला तिने सही दिली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या म्हाताऱ्या आईची संमती घेतली गेली, आणि तिचं गर्भाशय व बीजकोश काढले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १६ जानेवारी २००८ चा निकाल प्रत्येक बाईला माहीत असावा असा आहे: तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे. जीव धोक्यात नसेल आणि बाई शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकत असेल, तर आई, नवरा, भाऊ कुणाचीही सही चालत नाही. दुसऱ्यांदा भूल देण्याचा त्रास वाचावा हे कारण पुरत नाही. नुकसानभरपाई २५,००० रुपये मिळाली. तत्त्व मोठं आणि रक्कम लहान, असं या निकालाबद्दल मला नेहमी वाटतं.

त्याच २००८ साली गरीब कुटुंबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू झाली, वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचा उपचार. हेतू चांगला होता. पण औषधगोळ्या देऊन वाट पाहण्याचे पैसे विमा देत नाही, शस्त्रक्रियेचे देतो. बिहार आणि छत्तीसगडमधून गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया अचानक वाढल्याच्या तक्रारी आल्या. राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात माहितीच्या अधिकारात मागवलेल्या काही खाजगी रुग्णालयांच्या २०१० मधल्या नोंदींत ३८५ पैकी निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया गर्भाशय काढण्याच्या निघाल्या.

आणि आपलं बीड. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहातली एक. देशात हे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटात तीन टक्क्यांच्या आसपास आहे. फडात शौचालय नाही, पाण्याची वानवा, उचल आधीच घेतलेली, एक दिवस काम चुकलं तर खाडा, म्हणजे मजुरी बुडून वर दंड. तिथे दर महिन्याला अंगावरून जाणं हा पैशाचा प्रश्न होतो. डॉक्टर म्हणतात कॅन्सर होईल, मुलं तर झालीत. बाई हो म्हणते. कागदावर ती संमतीच असते. पिशवीबरोबर बीजकोशही गेले तर तिशीतच म्हातारपण येतं: अंगाची लाही, कंबरदुखी, हाडांची झीज. आणि कोयता हातातून सुटत नाही.

मी बीडकडे बोट दाखवून थांबलो तर शहरातल्या मंडळींना बरं वाटेल. पण त्याच राष्ट्रीय पाहणीत आंध्र प्रदेशाचं प्रमाण नऊ टक्क्यांच्या घरात आहे, तेलंगणही फार मागे नाही, आणि देशभरातल्या या शस्त्रक्रियांपैकी दोनतृतीयांशाहून अधिक खाजगी रुग्णालयांत झालेल्या आहेत. पाच एप्रिल २०२३ रोजी डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला: अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा. चाळिशीच्या आतल्या बाईची शस्त्रक्रिया दोन डॉक्टरांच्या मान्यतेशिवाय होऊ नये, हा मुद्दा तिथूनच पुढे आला. तुम्ही कोणत्याही राज्यात राहत असा, हा आदेश तुमच्या रुग्णालयालाही लागू आहे.

गर्भाशय काढणं वाईट असं मला म्हणायचं नाही. सत्तेचाळीस वर्षांची, चार वेळा रक्त चढवलेली, औषधं थकलेली बाई जेव्हा विचार करून म्हणते की आता काढा, तेव्हा तीच शस्त्रक्रिया तिला आयुष्य परत देते. तेव्हाही बीजकोश ठेवायचे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच विचारावा. बत्तिशीच्या, मूल हवं असलेल्या मुलीचं उत्तर वेगळं. पाळी जायला दोन वर्षं उरलेल्या आणि गोळ्यांवर निभावणाऱ्या बाईचं आणखी वेगळं. आणि जिला काहीच त्रास नाही, गाठ कुठल्यातरी दुसऱ्या तपासणीत सापडली, तिला बहुधा फक्त अधूनमधून सोनोग्राफी.

तेव्हा सोनोग्राफीचा कागद हातात आला की त्यातला 'फायब्रॉइड' हा एकच शब्द वाचून ठेवू नका. गाठी किती, केवढ्या आणि पोकळीपासून किती लांब, हे त्यात लिहिलेलं असतं. २०११ पासून जगभरचे स्त्रीरोगतज्ज्ञ जागेनुसार गाठीला शून्य ते आठ असा क्रमांक देतात. शून्य म्हणजे पूर्ण पोकळीत, ती बहुधा खालच्या वाटेने दुर्बीण घालून, पोटावर एकही टाका न घालता काढता येते. कागदावर हा क्रमांक नसेल तर डॉक्टरांना विचारा, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना तोच कागद बरोबर न्या.